बीपीच्या वहीत नाडीचा रकाना: कोणती गोळी ठोके उतरवते आणि कोणती रक्तवाहिन्या सैल करते

घरी बीपी मोजणारे बहुतेक जण यंत्रावरचे पहिले दोन आकडे लिहितात आणि तिसरा सोडून देतात. तो तिसरा आकडा नाडीचा. बीपी उतरलं की नाही हे पहिल्या दोन आकड्यांवरून कळतं, पण ते कोणत्या वाटेने उतरलं हे नाडी सांगते. हृदय हळू झालं म्हणून, वाहिन्या सैल पडल्या म्हणून, की अंगातलं पाणी कमी झालं म्हणून? गोळी मानवत नसेल तर पहिला सुगावाही बरेचदा तिथेच लागतो. तेव्हा वहीत एक रकाना वाढवा. तो भरायचा कसा आणि वाचायचा कसा, ते पुढे आहे. हे वाचून स्वतःच गोळी बदलणं, वाढवणं किंवा बंद करणं मात्र नको. काही गोळ्या अचानक सोडणं फार महागात पडतं, त्या कोणत्या तेही येईलच.

दाब येतो कुठून

हृदय एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त पुढे ढकलतं. मिनिटाला ७० ठोके धरले तर जवळपास ५ लिटर. हे रक्त ज्या नळ्यांतून जातं त्या किती आवळलेल्या आहेत, हा दाबाचा दुसरा भाग. इथे मोठ्या धमन्यांपेक्षा धमनिकांना जास्त महत्त्व आहे. केशवाहिन्या सुरू होण्याच्या अगदी अलीकडच्या या बारीक फांद्या. त्यांच्या भिंतीत स्नायूचा थर असतो. तो जरा सैलावला तरी अडथळा झपाट्याने घटतो, कारण अडथळा त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. त्रिज्या फक्त १० टक्क्यांनी वाढली की अडथळा जवळपास एक तृतीयांशाने कमी होतो. ५ मिलिग्रॅमच्या गोळीत एवढा जोर कुठून येतो, त्याचं उत्तर या गणितात आहे.

शरीर मात्र गप्प बसत नाही. मानेतल्या धमनीत आणि महाधमनीच्या कमानीत दाब ओळखणारी चेतातंतूंची टोकं असतात. दाब घसरला की काही सेकंदांत मेंदूला खबर जाते आणि हृदयाला वेग वाढवायचा हुकूम येतो. पुढच्या काही दिवसांत मूत्रपिंडंही मीठ-पाणी धरून ठेवू लागतात. म्हणजे गोळी एका बाजूने दाब उतरवते, तर शरीर दुसऱ्या बाजूने तो चढवायला बघतं. दोन वेगळ्या गटांच्या गोळ्या कमी डोसात दिल्या, तर एकच गोळी दुप्पट करण्यापेक्षा बरेचदा जास्त उपयोग होतो, तो यामुळेच. दुसरी गोळी सुरू झाली म्हणजे आजार बळावला, असा अर्थ काढू नका.

मोजायचं कसं

मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, व्यायाम काही नको. लघवी करून या. पाठ टेकून, दोन्ही पावलं जमिनीवर ठेवून, पायावर पाय न टाकता ५ मिनिटं गप्प बसा. गप्प म्हणजे फोनवरही नाही. दंडावर कापड नको. बाही गुंडाळून वर सरकवली आणि ती दंडाला आवळत असली, तर हात सरळ बाहीतून काढा. पट्टा कोपराच्या वळीपासून दोन बोटं वर बांधा. हात टेबलावर असा ठेवा की पट्टा छातीच्या मध्याच्या पातळीत येईल. हात १० सेंटिमीटर खाली राहिला तर आकडा साधारण ७-८ ने जास्त येतो, आणि तेवढ्यावर गोळीचा डोस वाढू शकतो. जाड दंडाला लहान पट्टा लावला तरी आकडा फुगतो. पट्ट्यातल्या हवेच्या पिशवीने दंडाचा सुमारे ८० टक्के घेर झाकला पाहिजे. पहिल्या दिवशी दोन्ही हातांत मोजा आणि ज्या हातात जास्त येईल तोच पुढे कायम ठेवा.

एका वेळी दोन मोजण्या, मध्ये एक मिनिट. सकाळी गोळी घेण्याआधी आणि संध्याकाळी. सकाळची वेळ मुद्दाम निवडलेली आहे: आदल्या दिवशीच्या गोळीचा जोर तेव्हा सगळ्यात कमी असतो, म्हणून २४ तास ती पुरते की नाही ते तेव्हाच कळतं. डॉक्टरांकडे जाण्याआधी सलग ७ दिवस मोजून पहिला दिवस सोडायचा आणि उरलेल्यांची सरासरी काढायची. घरच्या मोजणीत सरासरी १३५/८५ किंवा त्याहून वर असेल तर बीपी जास्त धरतात.

पहिल्या आठवड्यात आणि डोस बदलल्यावर उभं राहूनही मोजा, एकदा १ मिनिटाने आणि एकदा ३ मिनिटांनी. वहीतली एक ओळ अशी दिसेल:

सोमवार, सकाळी ६:४५, गोळीआधी. बसून १४६/९०, नाडी ७८. पुन्हा १४२/८८, नाडी ७६. उभं १ मिनिट १३८/८८, नाडी ८४; ३ मिनिटं १४०/८९, नाडी ८२.

उभं राहिल्यावर नाडी थोडी वाढणं हे ठीक चाललं असल्याचं लक्षण आहे. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने घसरला, तर मात्र डॉक्टरांना सांगायचं, घेरी आली नसली तरी.

यंत्राची नाडी आठवड्यातून एकदा बोटांनी तपासून घ्या. अंगठ्याच्या बाजूला मनगटावर दोन बोटं ठेवून पूर्ण ६० सेकंद मोजायचे. १५ सेकंद मोजून चारने गुणण्यात एका ठोक्याची चूक चौपट होते. ठोके अनियमित असतील तर यंत्र फसतं. दर दुसरा ठोका अवेळी आणि कमजोर पडत असेल तर तो मनगटापर्यंत पोचतच नाही. मग हृदयाचे ठोके ७६ असताना यंत्र ३८ दाखवतं. असा आकडा दिसला की घाबरून गोळी बंद करू नका, ईसीजी काढून घ्या.

नावाच्या शेपटावरून गट ओळखा

पाकिटावरचं ब्रँडचं मोठं नाव सोडा, मागची घटकांची बारीक ओळ वाचा. औषधाचं नाव 'ओलॉल'ने संपत असेल (मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल, बिसोप्रोलॉल) तर तो बीटा ब्लॉकर. 'डिपिन' (ॲम्लोडिपिन, निफेडिपिन, सिल्निडिपिन) म्हणजे वाहिन्या सैल करणारा कॅल्शियम ब्लॉकर. 'प्रिल' (रॅमिप्रिल, एनालाप्रिल) आणि 'सार्टन' (लोसार्टन, टेल्मिसार्टन) ही अँजिओटेन्सिनला (वाहिन्या आवळणारं शरीरातलं रसायन) अडवणारी दोन भावंडं. 'झोसिन' (प्राझोसिन) म्हणजे अल्फा ब्लॉकर. लघवीच्या गोळ्यांना असं एक शेपूट नाही. क्लोरथॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायझाइड, इंडापामाइड ही नावं लक्षात ठेवावी लागतात. जोडगोळीत दोन-तीन नावं असतील तर प्रत्येक वेगळं लिहून घ्या.

ठोके उतरवणाऱ्या

ॲड्रेनालिन हृदयावरच्या ज्या जागांना चिकटून वेग वाढवतं, त्या जागा बीटा ब्लॉकर अडवून धरतो. ठोके आणि ठोक्याचा जोर दोन्ही कमी होतात, शिवाय मूत्रपिंडातून रेनिन हे दाब चढवायला लावणारं रसायन कमी सुटतं. नाडी पहिल्याच दिवशी उतरते, पण बीपीवरचा पूर्ण परिणाम दिसायला एक-दोन आठवडे लागतात. पहिल्या चार दिवसांत "ठोके ६० झाले पण बीपी तसंच" अशी तक्रार असते, ती या फरकामुळे.

बसलेली नाडी ५५-६० असणं या गोळीवर अपेक्षितच आहे. ५० च्या खाली गेली आणि सोबत घेरी, धाप किंवा कमालीचा थकवा असेल, तर पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना फोन. व्यायाम करताना नाडीचं ठरावीक लक्ष्य गाठायचा नाद सोडा, गोळी ती वाढूच देत नाही. चालताना पूर्ण वाक्य बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, एवढा वेग पुरे.

मधुमेह्यांनी आणखी एक लक्षात ठेवायचं. साखर घसरली की एरवी छाती धडधडते आणि हात थरथरतात. ही गोळी ती धडधड दाबून टाकते, पण घाम दाबत नाही. म्हणून कारण नसताना दरदरून घाम आला तर आधी साखर तपासा. दमा असेल तर तो डॉक्टरांना ठळक सांगा, कारण प्रोप्रानोलॉलसारखी सगळीकडे काम करणारी गोळी श्वासनलिका आवळू शकते. हातपाय गार पडणं ही नेहमीची तक्रार आहे. कार्व्हेडिलॉल आणि नेबिव्होलॉल हे बीटा ब्लॉकर वाहिन्याही थोड्या सैल करतात, त्यामुळे त्यांच्यावर ही तक्रार कमी ऐकू येते.

अचानक सोडायची नाही म्हटलं ती हीच गोळी. काही महिने अडवून धरलेल्या जागा शरीराने वाढवून ठेवलेल्या असतात. गोळी एकदम थांबली की ॲड्रेनालिनला त्या सगळ्या एकाच वेळी मोकळ्या मिळतात. नाडी उसळते, बीपी चढतं, आणि ज्यांच्या हृदयाच्या धमन्या अरुंद आहेत त्यांना छातीत दुखणं ते झटका यांपैकी काहीही होऊ शकतं. म्हणून ती एक-दोन आठवड्यांत पायरीपायरीने उतरवतात. पाकीट संपायच्या आठ दिवस आधी नवं आणून ठेवा. मेंदूतून येणारा हुकूमच मंदावणाऱ्या क्लोनिडीनचंही तसंच आहे, किंबहुना त्याचं उसळणं जास्त वाईट. त्याचे दोन-तीन डोस चुकले तरी बीपी आधीपेक्षा वर जाऊ शकतं.

डिल्टियाझेम आणि व्हेरापमिल कॅल्शियम ब्लॉकरच आहेत, पण 'डिपिन'वाल्यांसारखे नाहीत. हे हृदयातल्या विजेच्या वाटेवरही काम करतात आणि ठोके उतरवतात. बीटा ब्लॉकरवर यांची भर पडली तर हृदयाचा वेग धोकादायक उतरू शकतो, वरच्या कप्प्याचा संदेश खालच्या कप्प्यापर्यंत पोचणंही अडकू शकतं. दोन वेगवेगळ्या डॉक्टरांकडची औषधं चालू असतात तेव्हा ही जोडी नकळत जमते. काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब चालू असतील तर तेही बीटा ब्लॉकरच आहे! थेंब डोळ्यातून नाकात उतरतात आणि तिथून रक्तात जातात. थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाकडचा कोपरा एक-दोन मिनिटं बोटाने दाबून ठेवा, म्हणजे बराच भाग डोळ्यातच राहतो. डॉक्टरांना औषधांची यादी देताना थेंबही लिहा.

ठोके कमी करणं म्हणजे बीपी कमी करणं नव्हे, हे इव्हाब्रेडीनवरून चांगलं समजतं. ते नाडी उतरवतं आणि बीपीला जवळपास हातही लावत नाही, म्हणून ते बीपीचं औषध धरत नाहीत. हृदयाचं दुसरं दुखणं नसेल तर नुसत्या बीपीसाठी बीटा ब्लॉकरने सुरुवात करणं आता बऱ्याच ठिकाणी टाळतात. झटका येऊन गेलाय, हृदय अशक्त आहे, छातीत दुखतं किंवा ठोके भरकटतात, तिथे तो बरेचदा लागतो.

वाहिन्या सैल करणाऱ्या

ॲम्लोडिपिन धमनिकांच्या स्नायूत कॅल्शियम शिरू देत नाही, आणि कॅल्शियमविना स्नायू आखडत नाही. रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला ३० ते ५० तास लागतात, म्हणून ही गोळी हळू चढते आणि हळूच उतरते. पूर्ण जोर यायला आठवडा लागतो. तिसऱ्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून डोस वाढवून मागू नका. एखादा डोस तासभर इकडेतिकडे झाला तरी बिघडत नाही. हळू चढत असल्यामुळेच नाडीही फारशी उसळत नाही. याउलट पटकन सुटणाऱ्या निफेडिपिनने दाब धाडकन पडतो आणि छाती धडधडू लागते.

ॲम्लोडिपिनची खरी कटकट म्हणजे घोट्याची सूज. इथे गोळी फक्त आत येणाऱ्या बाजूचा नळ उघडते. बाहेर जाणारी शिरांची बाजू आहे तशीच राहते, केशवाहिन्यांत दाब साचतो आणि पाणी झिरपून घोट्याभोवती जमतं. संध्याकाळी मोज्याची खूण खोल उमटते, सकाळी सूज उतरलेली असते. अंगात एकूण पाणी वाढलेलं नसतं, म्हणून लघवीची गोळी देऊन ही सूज नीट जात नाही, उलट पोटॅशियम मात्र घसरतं. १० मिलिग्रॅमवर ती ५ पेक्षा जास्त दिसते. डोस कमी करणं किंवा सोबत 'प्रिल' वा 'सार्टन' देणं हे उपाय आहेत, कारण ते शिरांची बाजूही उघडतात. सूज एकाच पायाला आणि दुखरी असेल तर गोळीला दोष देत बसू नका. ती रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी दाखवा. हिरड्या फुगणं हाही कधीकधी याच गटाचा परिणाम असतो.

'प्रिल' आणि 'सार्टन' अँजिओटेन्सिन या आवळणाऱ्या रसायनाला अडवतात, एक ते तयार होऊ देत नाही आणि दुसरा त्याला जागेवर बसू देत नाही. वाहिन्या सैल होतात पण नाडी सहसा जिथल्या तिथे राहते. 'प्रिल'मुळे ब्रॅडिकायनिन हे शरीरातलंच दुसरं रसायन साचतं आणि कोरडा, चिवट खोकला लागतो. 'सार्टन'वर बदललं की तो जातो, पण पूर्ण थांबायला काही आठवडे लागू शकतात. ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला तर मात्र लगेच रुग्णालय, आणि ती गोळी आयुष्यात पुन्हा नाही. मूत्रपिंडाच्या गाळणीतून बाहेर जाणारी वाहिनीही या गोळ्या सैल करतात, गाळणीतला दाब उतरतो आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारा रक्तातला आकडा) थोडं चढतं. म्हणून सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासतात. ३० टक्क्यांपर्यंतची वाढ सहसा चालवून घेतात. 'कमी सोडियम'चं मीठ हे बरेचदा पोटॅशियमचं मीठ असतं, ते या गोळ्यांसोबत विचारल्याशिवाय नको. गरोदरपणात दोन्ही गट वर्ज्य आहेत.

अल्फा ब्लॉकरचा पहिला डोस रात्री अंथरुणावर बसून घ्यायचा. पहिल्या डोसाने उभं राहताच दाब कोसळून भोवळ येऊ शकते. रात्री लघवीला उठताना आधी पाय खाली सोडून मिनिटभर बसा. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन चालू असेल तर तेही याच कुटुंबातलं. मिनॉक्सिडिल आणि हायड्रालाझिन वाहिन्या इतक्या जोरात उघडतात की नाडी उसळते आणि अंगात पाणी साचतं. म्हणून सोबत सहसा बीटा ब्लॉकर आणि लघवीची गोळी असतेच.

लघवीच्या गोळ्या पहिल्या काही आठवड्यांत अंगातलं मीठ-पाणी काढून दाब उतरवतात. नंतर पाण्याचं प्रमाण बरंचसं पूर्वीसारखं होतं आणि तरीही दाब खालीच राहतो, कारण तोवर वाहिन्यांचा अडथळाच कमी झालेला असतो. गोळी सकाळी घ्या, नाहीतर रात्रभर उठावं लागेल. पोटॅशियम घटलं की पायात गोळे येतात आणि ठोके चुकतात.

रकाना वाचताना

बीपी उतरलं आणि नाडी १०-२० ने चढली, तर वाहिन्या सैल झाल्या आहेत किंवा पाणी कमी पडलंय. जुलाब-उलट्या चालू असतील तर दुसरी शक्यता आधी. अशा दिवशी 'प्रिल', 'सार्टन' आणि लघवीची गोळी घ्यायची का, ते त्याच दिवशी फोन करून विचारा.

बीटा ब्लॉकरवर नाडी ५६ आहे आणि बीपी अजून १५०, तर गोळीने आपलं काम केलं आहे, अडथळा वाहिन्यांत उरलाय. डॉक्टर अशा वेळी सहसा दुसऱ्या गटाची गोळी जोडतात.

दोन्ही चढलेले असतील तर आधी डोस चुकला का ते पाहा. मग दुखणं, ताप, आणि बंद नाकाच्या गोळ्या; त्यांतलं स्यूडोएफेड्रिन वाहिन्या आवळतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामकांनी नाडी न चढता बीपी चढतं, कारण मूत्रपिंड मीठ धरून ठेवतं. 'प्रिल' किंवा 'सार्टन', लघवीची गोळी आणि हे वेदनाशामक असं त्रिकूट मूत्रपिंडाला एकदम झोपवू शकतं.

दोन्ही उतरलेले, समजा ८८/५४ आणि नाडी ४२, ही वाट बघण्याची गोष्ट नाही. डोस दोनदा घेतला गेला असेल, दोन ठोके-उतरवू गोळ्या एकत्र आल्या असतील किंवा पोटॅशियम चढलं असेल. रुग्णालयात जा, पाकिटं सोबत न्या.

उभं राहिल्यावर दाब घसरतो पण नाडी जागची हलत नाही, हे चित्र बीटा ब्लॉकरवर दिसतं. ती गोळी नसताना दिसलं तर जुन्या मधुमेहाने चेतातंतू कमजोर केले असू शकतात.

गोळी सकाळी की रात्री यावर वाद घालण्यात अर्थ उरलेला नाही. ब्रिटनमधल्या 'टाइम' या मोठ्या चाचणीत (२०२२) झटके, पक्षाघात आणि मृत्यू यांत दोन्ही वेळांमध्ये फरक दिसला नाही. जी वेळ चुकत नाही ती तुमची. डोस राहिला तर आठवल्यावर घ्या, पण पुढच्या डोसाची वेळ जवळ आली असेल तर तो सोडा. दोन एकदम कधीच नाही. 'एक्सएल', 'ईआर' किंवा 'एसआर' लिहिलेली गोळी चावू किंवा कुटू नका, दिवसभराचं औषध तासाभरात सुटेल.

आकडा १८०/१२० च्या वर गेला आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोबडी वळणं, एका बाजूची ताकद जाणं किंवा अंधुक दिसणं असेल, तर थेट रुग्णालय. घरी निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली ठेवण्याची जुनी पद्धत विसरा. दाब इतक्या झपाट्याने पडतो की आवळलेल्या वाहिन्यांपलीकडे मेंदूला आणि हृदयाला रक्त पुरत नाही, त्यात नाडी उसळून हृदयाची मागणी वाढते. यातून पक्षाघात आणि झटके आलेले आहेत. यांपैकी कोणतंच लक्षण नसेल तर ५ मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा, चुकलेला नेहमीचा डोस असेल तर तो घ्या, आणि दोन्ही मोजण्या नाडीसकट डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा.